दृष्टीआड सृष्टी : विमानाच्या वार्षिक तपासणीचा इतिहास

‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपल्याकडे बहुधा समाधानाच्या सुरांत योजिली जाते. जें डोळ्यांसमोर नाहीं त्याची चिंता करूं नये, असा तिचा व्यवहारांतील अर्थ. संसार सुखाचा व्हावयाचा तर या म्हणीचा आश्रय थोडाफार घ्यावाच लागतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जुन्या घराच्या मालकास ही म्हण फार दिवस परवडत नाहीं. तुळई बाहेरून धड दिसते, तिच्यावरचा रंगहि उडालेला नसतो. आणि एके दिवशीं सहज बोट टेकावें तों तें आंत जातें. तेव्हां कळतें कीं, वाळवीनें आंतलें लाकूड केव्हांच खाऊन टाकिलें आहे, आणि आपण इतके दिवस केवळ रंगाच्या भरंवशावर त्या छपराखालीं निजत होतों.

घराची तुळई मोडण्यापूर्वी बहुधा करकरते, वांकते, माणसांस बाहेर पडण्यास वेळ देते. विमानाच्या पंखांतहि अशीच एक तुळई असते. सारा भार तिच्यावर असतो, आणि ती मोडण्यापूर्वी सूचना देईलच असें नाहीं. शिवाय ती हवेंत मोडली तर बाहेर धांवून जाण्यास अंगण नसतें. म्हणून विमानें उडूं लागल्यावर थोड्याच वर्षांत एक गोष्ट सर्व देशांच्या कायद्यांत शिरली. विमान चांगलें चालत असलें, कोणाची कांहीं तक्रार नसली, तरीहि तें ठराविक मुदतीनें उघडून पाहावें, ही ती गोष्ट होय. या तपासणींत कित्येकदां कोणाच्या ध्यानींमनीं नसलेलें नुकसान सांपडतें, आणि कित्येकदां असलेलें सांपडत नाहीं. या दोन्ही प्रकारच्या प्रसंगांचा इतिहास पाहिला म्हणजे तो यंत्रांच्या सुधारणेचा जितका, तितकाच मनुष्याच्या पाहण्याच्या सुधारणेचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही तपासणी असते तरी कशी तें सांगितलें पाहिजे. लहान विमान वर्षांतून एकदां हँगरांत घेतात. इंजिनावरचें झांकण उतरतात. पंखांच्या व शेपटीच्या पोटाशीं तपासणीकरितांच ठेविलेलीं लहान लहान झांकणें असतात, त्यांचे स्क्रू काढतात. बैठका व त्यांच्या खालचा तळ उचलतात. मग दिवा, आरसा व भिंग घेऊन तपासनीस पोटावर, पाठीवर, गुडघ्यांवर, जमेल त्या आसनानें, विमानाच्या आंत डोकावूं लागतो. सुकाणूस ओढणाऱ्या तारेचा एखादा धागा तुटला आहे काय, कप्पी झिजली आहे काय, सिलिंडरांत दाब टिकतो काय, चाकांच्या पायांपाशीं पत्र्यास सुरकुती पडली आहे काय, एखाद्या रिव्हेटाच्या भोंवतीं काळसर भुकटी जमली आहे काय, हें तो एकामागून एक पाहतो. ती भुकटी म्हणजे सैल झालेल्या रिव्हेटाची तक्रारच होय. ती वाचतां येणें ही या धंद्यांतील साक्षरता आहे.

बहुतेक वर्षीं जें सांपडावयाचें तेंच सांपडतें. ब्रेक झिजलेले असतात, रबरी नळ्या वाळून कडक झालेल्या असतात, कोठें तेलाचा पाझर असतो. परंतु कधीं कधीं भलतेंच पुढें येतें. पंखाच्या पोकळींत उंदरांनीं केलेलें घरटें सांपडणें ही लहान विमानांच्या जगांत परिचयाची गोष्ट आहे. ती ऐकून हसूं येईल. पण उंदराच्या मुतानें अल्युमिनियमचा पत्रा आंतून सडत जातो, हें कळल्यावर हसूं ओसरतें. कुंभारीण माशी वेग मोजण्याच्या नळींत मातीचें घर करून जाते. एखाद्या जागच्या वांकलेल्या पत्र्यावरून असें उघड होतें कीं, मागें केव्हां तरी विमान उतरतांना फार जोरानें आपटलें होतें, आणि नोंदवहींत मात्र त्याचा एक शब्दहि नाहीं. मनुष्यानें जें लिहून ठेविलें नाहीं तें धातूनें लिहून ठेविलेलें असतें.

या तपासणीमागचा कायदा तसा फार जुना नाहीं. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं पॅरिस येथें हवाई वाहतुकीसंबंधीं राष्ट्रांचा करार झाला. एका देशांतून दुसऱ्या देशांत जाणाऱ्या विमानापाशीं उड्डाणयोग्यतेचा दाखला असावा, हें त्यांत ठरलें. हिंदुस्थानांत विमानांचा कायदा १९३४ सालीं व त्याखालचे नियम १९३७ सालीं झाले. तो कायदा नव्वद वर्षें चालला. त्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. उड्डाणयोग्यतेच्या आढाव्याचा दाखला दर वर्षीं नवा करून घेण्याची रीत आपल्या देशांत आज चालू आहे.

आपल्या मुंबईशीं या विषयाचा संबंध जुनाच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा हे कराचीहून टपालाची पिशवी घेऊन अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरले, तें विमान पस मॉथ जातीचें होतें. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर पंख लाकडाचे व त्यांवर कापड चढविलेले. जुहूस एका बाजूस समुद्र, आणि पावसाळ्यांत तें मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून ते चार महिने टपालाचें काम पुण्यास न्यावें लागे. लाकूड, सरस आणि कापड यांचीं विमानें अशा हवेंत ठेवावयाचीं म्हणजे तपासणाऱ्यांस केवढी जागरूकता बाळगावी लागत असेल, याची कल्पना कोंकणांतील घरांत एक पावसाळा काढलेल्या कोणाहि वाचकास करितां येईल. तथापि लाकूड आणि पाणी यांच्या वैरासंबंधीं जगास पहिला मोठा धडा मिळाला तो आमच्या पावसाळी किनाऱ्यावर नव्हे, तर अमेरिकेच्या मध्यावरील गवताळ प्रदेशांत.

३१ मार्च १९३१ रोजीं कॅन्सस संस्थानांतील बझार या खेड्याजवळ फोकर कंपनीचें एफ-१० जातीचें तीन इंजिनांचें प्रवासी विमान कोसळलें. त्यांतील आठहि माणसें ठार झालीं. त्यांत नॉटर डेम विद्यापीठाचे फुटबॉलचे शिक्षक नूट रॉकनी हे होते. हे गृहस्थ त्या देशांत इतके लोकप्रिय होते कीं, त्यांच्या मृत्यूनें साऱ्या राष्ट्रांत हळहळ झाली. त्या काळीं अमेरिकन सरकार अपघातांच्या चौकशीचा निष्कर्ष लोकांस सांगत नसे. या खेपेस मात्र लोक ऐकेनात, आणि सरकारास बोलणें भाग पडलें.

फोकरचा पंख म्हणजे त्या काळचें एक कौतुकच होतें. बाहेरून एकहि तार नाहीं, आधाराचा दांडा नाहीं. आंत लाकडी तुळया व फासळ्या, आणि वरून प्लायवुड सरसानें चिकटवून बंद केलेलें. दिसावयास तो पंख एखाद्या वाद्याच्या पेटीसारखा गुळगुळीत व अखंड होता. परंतु हेंच त्याचें मर्मस्थान ठरलें. आंत ओल शिरून सरसाची पकड सुटली, आणि पंख हवेंत तुटून गेला, असा चौकशीचा रोंख होता. आतां प्रश्न असा येतो कीं, तपासनीस काय करीत होते? उत्तर चमत्कारिक आहे. तपासणी होत होती. परंतु पंखाच्या आंत पाहावयाचें तर वरचें प्लायवुडच काढावें लागे, आणि तें काढलें म्हणजे पंख पुन्हां बांधण्यासारखेंच होतें. जी वस्तु मोडल्यावांचून पाहतां येत नाहीं, ती कोण पाहणार? अर्थात् पंखाचें बाहेरचें अंग पाहून आंतल्या अंगाबद्दल दाखला दिला जात होता.

मे १९३१ मध्यें सरकारनें या जातीचीं विमानें कांहीं काळ जमिनीवर बसविलीं आणि पंख आंतून तपासण्याची सक्ती केली. तो खर्च कंपन्यांस झेपेना, आणि प्रवाशांचाहि लाकडावरचा विश्वास उडाला. पुढें दोनच वर्षांत डग्लस कंपनीचें संपूर्ण धातूचें विमान आलें, आणि मोठ्या प्रवासी विमानांतून लाकूड हळूहळू हद्दपार झालें. परंतु या प्रसंगाचा खरा धडा लाकूड वाईट, धातु चांगला, असा नाहीं. जें बांधावयाचें तें पुढें उघडून पाहतां येईल असें बांधावें, हा तो धडा होय. आज कोणत्याहि लहान विमानाच्या पंखाखालीं जीं गोल झांकणें दिसतात, त्यांचा अर्थ हाच आहे. बांधणारानें तपासणाऱ्यासाठीं ठेविलेलीं तीं दारें आहेत.

दुसरा धडा आपल्याच देशांत मिळाला, आणि तो अधिक कडू आहे. दुसऱ्या महायुद्धांत धातूची टंचाई असल्यामुळें इंग्लंडमध्यें डी हॅविलंड कंपनीनें मॉस्किटो नांवाचें दोन इंजिनांचें लढाऊ विमान लाकडाचें बांधलें. बाल्सा नांवाचें अतिशय हलकें लाकूड मध्यें, आणि दोन्ही बाजूंस बर्च लाकडाचें प्लायवुड, अशी त्याच्या सांगाड्याची रचना होती. आरंभीं तें जोडण्यास दुधांतील केसीनपासून केलेला सरस वापरीत. वेगांत हें विमान पुष्कळ धातूच्या विमानांस मागें टाकी. तें ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठीं हिंदुस्थानांत आलें, आणि १९४४ सालच्या अखेरीस कांहीं विमानें हवेंतच मोडून पडलीं. नोव्हेंबरमध्यें विमानें जमिनीवर ठेवून पंख तपासण्याची वेळ आली. तेव्हां पंखाचें वरचें प्लायवुड तुळईपासून सुटत असल्याचें दिसून आलें.

नुकसान सांपडलें, आतां कारण सांगावयाचें होतें. कंपनीकडून मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखालीं मंडळी हिंदुस्थानांत आली. डिसेंबरच्या आरंभीं त्यांनीं निष्कर्ष काढला, तो असा कीं, दोष मुख्यतः येथल्या हवेचा. पावसाळी हवेनें लाकडाचा आकार बदलला आणि सांधे सुटले. हें कारण सर्वांस सोयीचें होतें. हिंदुस्थानची हवा वाईट, हें इंग्रज माणसास पटविण्यास पुरावा लागत नसे. हवेवर खटला भरतां येत नाहीं. आणि विमान बांधणाऱ्या कारखान्यांच्या लौकिकासहि धक्का लागत नाहीं.

परंतु पुढें आणखी चौकशी झाली. इंग्लंडमध्यें डेफर्ड येथें, ज्यांनीं हिंदुस्थानचा पावसाळा कधीं पाहिलाच नव्हता अशीं मॉस्किटो विमानें उघडून पाहण्यांत आलीं. वाळवीचा तर तेथें प्रश्नच नव्हता. तरी तोच दोष त्यांतहि सांपडला. आणि तीं सारीं कंपनीच्या हॅटफील्ड व लीव्हस्डेन या दोन कारखान्यांत बांधलेलीं होतीं. म्हणजे सरस लावण्याचें कामच नीट झालेलें नव्हतें. पावसानें फार तर तो दोष लवकर उघडा पाडला असेल. तथापि विमानावरील विश्वास ढळूं नये म्हणून इंग्लंडच्या हवाई खात्यानें हवेचेंच कारण पुढें ठेविलें. आणि दुरुस्ती म्हणून पंखाच्या सांध्यावर, आंत पाणी झिरपूं नये यासाठीं, लांबच लांब प्लायवुडची एक पट्टी बसविण्यांत आली.

या प्रसंगावरून आम्हांस असें वाटतें कीं, नुकसान सांपडणें ही तपासणीची निम्मीच वाट झाली. उरलेली निम्मी वाट अधिक चढाची आहे. कारण ती आपल्या स्वतःच्या दाराशीं येऊन पोंचण्याचा संभव असतो. ‘हवा वाईट’, ‘विमान जुनें’, ‘वैमानिक आडमुठा’ हीं कारणें कित्येकदां खरीं असतात. परंतु तीं इतकीं सुलभ आहेत कीं, तीं प्रथम सुचलीं म्हणजे तपासनीसानें स्वतःलाच दुसऱ्यांदां विचारावें. डेफर्डच्या माणसांनीं जें केलें तें साधें होतें. जेथें तें कारण लागूच पडत नाहीं अशा ठिकाणीं त्यांनीं तोच दोष आहे काय तें पाहिलें. एवढ्यानें हिंदुस्थानच्या हवेवरील आरोप पुष्कळसा निराधार ठरला.

लाकडाच्या दोषास निदान ओल, बुरशी, सुटलेला सांधा अशीं चिन्हें तरी असतात. धातूचा दोष याहून गूढ. लोखंडाचा दांडा एका भारानें मोडत नाहीं. पण त्याहून पुष्कळ कमी भार त्यावर लक्षावधि वेळां येऊन गेला म्हणजे तो मोडतो, हें जर्मनीच्या ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरानें रेल्वेच्या आंसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच दाखविलें होतें. या दोषास धातूचा थकवा म्हणतात. नांव मोठें समर्पक आहे. फक्त मनुष्याचा थकवा चेहऱ्यावर दिसतो आणि विश्रांतीनें जातो, धातूचा थकवा दिसत नाहीं आणि कधींच जात नाहीं. एखाद्या भोंकाच्या कडेशीं केसाहून बारीक चीर पडते. प्रत्येक उड्डाणागणिक ती किंचित् पुढें सरकते, आणि शेवटीं उरलेला धातु एका क्षणांत तुटतो.

विमानांच्या इतिहासांत हा दोष स्पष्टपणें ओळखला गेला, अशा पहिल्या प्रसंगांपैकीं एक ऑस्ट्रेलियांतला आहे. ३१ जानेवारी १९४५ रोजीं मेलबर्नहून निघालेलें स्टिन्सन जातीचें एक प्रवासी विमान व्हिक्टोरिया प्रांतांत कोसळलें व दहा माणसें मरण पावलीं. पंखाच्या तुळईच्या खालच्या नळींत थकव्याची चीर पडून डावा पंख निखळला होता. युद्धाच्या धामधुमींतहि त्या देशानें या गोष्टीकडे दुर्लक्ष केलें नाहीं. मेलबर्न येथील विमानविषयक प्रयोगशाळेनें पुढें धातूच्या थकव्याच्या अभ्यासांत नांव मिळविलें. जगाचें लक्ष मात्र या विषयाकडे वळलें तें १९५४ सालीं, कॉमेट या जेट विमानांच्या दोन अपघातांनंतर. १० जानेवारीस एल्बा बेटाजवळ पस्तीस आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ एकवीस माणसें गेलीं. तेव्हां फार्नबरो येथें एक सबंध कॉमेट पाण्याच्या हौदांत ठेवून, त्यांत पुनःपुन्हां दाब भरून व उतरवून, उड्डाणांची नक्कल करण्यांत आली. खरीं व नकली मिळून ३,०५७ उड्डाणें होतांच त्या विमानाचें अंग खिडकीच्या कोपऱ्यापाशीं फाटलें. बाहेरून पाहणाऱ्यास आदल्या दिवशीं त्यांत कांहींहि वावगें दिसलें नसतें.

आतां लहान विमानांकडे परत येऊं. कारण या साऱ्या इतिहासाचा सर्वांत बोलका अध्याय तेथेंच घडला आहे, आणि तो अगदीं अलीकडचा आहे. पायपर कंपनीचीं पीए-२८ जातीचीं विमानें १९६० च्या सुमारापासून जगभर उडत आहेत. चार माणसांचें, खालीं पंख असलेलें, एका इंजिनाचें, स्वभावानें गरीब असें हें विमान. उड्डाण शिकविणाऱ्या पुष्कळ संस्थांत तेंच असतें. याचे पंख मधल्या अंगास बोल्टांनीं जोडलेले असतात. ३० मार्च १९८७ रोजीं टेक्सस संस्थानांत मार्लिन गांवाजवळ अशा एका विमानाचा पंख हवेंत सुटला. तें विमान नळवाहिन्यांवर देखरेख करण्याच्या कामास होतें, म्हणजे जन्मभर जमिनीलगतच्या खडबडीत हवेंतून गचके खात उडत आलेलें होतें. तुळईच्या खालच्या पट्टींत थकव्याची चीर सांपडली.

अमेरिकेच्या हवाई खात्यानें तत्काळ हुकूम काढला कीं, ठराविक तास उडालेल्या विमानांचे पंख उतरवून ही जागा तपासावी. पंख उतरविणें हें मोठें खर्चाचें व कटकटीचें काम. मालकांनीं कुरकुर केली, पण तपासण्या झाल्या. आणि चिरा निघाल्या त्या अगदींच थोड्या. तेव्हां १९८९ सालीं तो हुकूम मागें घेण्यांत आला. त्या वेळच्या दृष्टीनें पाहतां यांत कोणास दोष देणें कठीण आहे. इतकीं विमानें उघडलीं, फारसें कांहीं मिळालें नाहीं. मग लोकांस खर्चांत कां पाडावें? शिवाय बोल्ट काढतांना व पुन्हां बसवितांना भोंकास ओरखडा पडण्याचें भय असतेंच, आणि असा ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. न पाहण्यांत धोका, आणि पाहण्यांतहि धोका, असा हा पेंच होता.

एकतीस वर्षें गेलीं. ४ एप्रिल २०१८ रोजीं फ्लोरिडांतील डेटोना बीच येथें एका विमानविद्यापीठाचें याच कुळांतील विमान धांवपट्टीवरून वर चढत असतां त्याचा डावा पंख निखळला. एक विद्यार्थी-वैमानिक आणि त्याची परीक्षा घेणारे परीक्षक असे दोघेहि मरण पावले. विमान जुनाट नव्हतें. तें २००७ सालीं बांधलेलें होतें. बेपर्वाईनें ठेविलेलेंहि नव्हतें. आदल्याच महिन्यांत त्याची वार्षिक तपासणी झाली होती. तुळईच्या खालच्या पट्टीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग थकव्यानें आधींच चिरलेला होता, आणि ती चीर एका बोल्टाच्या भोंकापासून निघालेली होती. बोल्ट जागेवर असतां ती दिसणें शक्यच नव्हतें. तपासनीसानें दिवा धरला असेल, भिंग लाविलें असेल. त्याची दृष्टि जेथवर पोंचत होती तेथवर सारें ठीकच होतें.

याचें कारण शोधतांना जें निष्पन्न झालें तें विचार करण्यासारखें आहे. त्या विमानाचे उड्डाणाचे तास सुमारें ७,७०० होते, ही संख्या कांहीं अचाट नव्हे. परंतु तें ३३,००० हून अधिक वेळां जमिनीवर उतरलेलें होतें. शिकाऊ विमान टेकतें, पुन्हां उठतें, एक फेरी मारतें, पुन्हां टेकतें; आणि टेकविणारा हात नवशिका असतो. पुढें हवाई खात्यानें नवा हुकूम काढला. तो २०२१ च्या फेब्रुवारींत अमलांत आला व अमेरिकेंतील पांच हजारांहून अधिक विमानांस लागू झाला. त्यांत तास मोजण्याची एक नवी रीत घातली गेली. शिकवणीच्या किंवा भाड्याच्या कामांतले तास पूर्ण धरावयाचे, आणि मालकानें स्वतःच्या हौसेखातर केलेल्या उड्डाणाचे तास सतरानें भागावयाचे. म्हणजे सौम्यपणें वापरलेल्या विमानाचे सतरा तास आणि राबलेल्या विमानाचा एक तास यांची किंमत सारखी धरली गेली. अशा रीतीनें पांच हजार तास भरले कीं, प्रत्येक पंखाचे खालचे, बाहेरच्या बाजूचे दोन बोल्ट काढून त्यांच्या भोंकांत विजेची एक बारीक सळई फिरवावयाची. ती धातूंत सूक्ष्म विद्युत्प्रवाहाचे भोंवरे उठविते; वाटेंत चीर असली तर ते भोंवरे बिघडतात, आणि डोळ्यास न दिसणारी चीर यंत्राच्या कांट्यावर दिसते.

१९८७ आणि २०१८ हीं दोन सालें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे आमच्या मतें या इतिहासाचें सार हातीं येतें. १९८९ सालीं जो निष्कर्ष काढला गेला त्याचा आधार होता ‘सांपडलें नाहीं’ हा. परंतु ‘सांपडलें नाहीं’ आणि ‘नाहीं’ यांत अंतर आहे. जीं विमानें तपासलीं त्यांतील बहुतेकांच्या वांट्यास तें खडतर जिणें आलेलेंच नव्हतें. ज्यांच्या वांट्यास पुढें यावयाचें होतें त्यांतलें एक तर तेव्हां बांधलेलेंहि नव्हतें. एका वर्षाच्या निर्मळ तपासणीनें त्या वर्षापुरतें, पाहिलेल्या जागेपुरतें, आणि वापरलेल्या साधनापुरतें सांगतां येतें, त्यापलीकडे नाहीं. म्हणूनच ही तपासणी एकदांची करून सुटतां येत नाहीं. ती वार्षिक असते, आणि मागच्या वर्षीं जेथें कांहीं मिळालें नाहीं तेंच झांकण या वर्षीं पुन्हां उघडावें लागतें.

यांत माणसांच्या संबंधांचा एक भाग आहे, तोहि विसरतां येत नाहीं. लहान विमानाचा मालक बहुधा श्रीमंत नसतो. हौसेपायीं किंवा पोटापायीं त्यानें तें विमान राखलेलें असतें. त्याचा अंदाज असतो कीं, चार दिवसांत तपासणी होईल व थोड्या खर्चांत सुटका होईल. आणि हँगरांतून निरोप येतो कीं, तुळईच्या मुळाशीं गंज सांपडला आहे, पंख उतरवावा लागेल. विमानाच्या किंमतीइतका खर्च समोर उभा राहतो. अशा वेळीं मालकाचा राग तपासनीसावर निघतो, जणूं काय गंज त्यानेंच आणून ठेविला! ‘गेल्या वर्षीं तर ठीक होतें’ हें वाक्य त्या वेळीं हमखास ऐकूं येतें. तपासनीस हा त्याच विमानतळावर राहणारा, उद्यां त्याच माणसाकडून काम मिळविणारा, कित्येकदां त्याचा मित्रहि असतो. दिवा थोडा अलीकडेच थांबविला तर सर्वांची सोय होते, हें त्यास कळत नाहीं असें नाहीं.

या मोहावर कायद्यानें एक साधा उपाय योजिला आहे. अमेरिकेच्या नियमांत असें आहे कीं, तपासणींत विमान उड्डाणयोग्य ठरलें नाहीं, तर तपासनीसानें सर्व दोषांची यादी करून, तीवर सही व तारीख घालून, ती मालकाच्या हातीं द्यावी. तोंडी सांगून भागत नाहीं. लिहिलेली गोष्ट पुसतां येत नाहीं. ती पुढच्या मालकाच्या, पुढच्या तपासनीसाच्या, आणि दुर्दैवानें वेळ आलीच तर पुढच्या चौकशीच्याहि उपयोगी पडते. मॉस्किटोच्या वेळीं खरें कारण सांपडूनहि सोयीचें कारण पुढें राहिलें. रॉकनींच्या वेळीं लोकांनीं आग्रह धरला नसता तर कारण कपाटांतच राहिलें असतें. तपासणीचें मोल शेवटीं, जें दिसलें तें स्पष्ट लिहिण्याच्या धैर्यावर अवलंबून आहे.

जुन्या घराच्या तुळईस दर वर्षीं टोंचून पाहणारा म्हातारा घरांतल्यांस संशयी वाटतो. तो कांहीं काढून दाखवीत नाहीं तोंवर त्याची थट्टा होते, आणि त्यानें कांहीं काढून दाखविलें म्हणजे घरांत अवकळा येते. दोन्हीकडून त्यास आभार मिळत नाहींत. विमानाच्या तपासनीसाचें भाग्य याहून फारसें निराळें नाहीं. वर्षानुवर्षें कांहीं न सांपडण्याचें काम तो करीत असतो, आणि ज्या दिवशीं सांपडतें त्या दिवशीं कोणीहि आनंदी होत नाहीं. तरी त्या दिवशीं जो अपघात झाला नाहीं, त्याची बातमी कोठेंच छापून येत नाहीं. तुळई बदलून विमान हँगरांतून बाहेर पडतें, नोंदवहींत एक ओळ वाढते, आणि मालक पंखावरून हात फिरवून आंत बसतो. पुढच्या वर्षीं त्याच महिन्यांत त्याच झांकणाचे स्क्रू पुन्हां काढावयाचे असतात.